निर्लेखन

पाटी मीच लावली होती.
'पूल धोकादायक. जड वाहनांस बंदी.'
पिवळ्यावर काळी अक्षरं, खाली उपविभागाचं नाव,
फाइलमध्ये माझी लफ्फेदार सही.
प्रस्तावाचा मथळा: निर्लेखन.
एकतीस वर्षं हा शब्द मी
मोडक्या खुर्च्या, जीप, पत्र्याची गोदामं यांच्यापुढे लिहिला,
कधी जिभेवर ठेवून पाहिला नाही.

आता निवृत्त आहे. रविवारी सकाळी डबा घेऊन
सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने हत्तरवाडीला जातो.
पाच कमानी. काळा दगड. खाली ओढा,
आठ महिने नुसत्या वाळूचा,
मधे एक डबकं, त्यात नाकापर्यंत म्हशी.
शेजारी नवा पूल, उंच, सरळ.
त्याच्याशी भांडण नाही. माझी एसटी त्यावरूनच येते.

अंबादास गुंडेटी मोजण्यात पक्का.
चाळीस वर्षं चादरीचे ताणे मोजलेले डोळे.
दगड तो मनातल्या मनात तेलुगूत मोजतो
आणि आकडा मराठीत सांगतो.
"तिसऱ्या कमानीत एक कमी हाय, साहेब."
होताच कमी.
त्याच्या जागी पिंपळ होता.

पिंपळाला हात कुणी लावायचा
यात तीन रविवार गेले.
शरणप्पा म्हणाले, माझ्याच्याने नाही होणार.
गफूर म्हणाला, मी लावतो,
पण उद्याच्या पेपरात काय येईल ते तुम्ही वाचा.
हसलो सगळे, जरा उशिराने.
शेवटी नागव्वा वडार पदर खोचून कमानीत शिरली.
"तोडायचं कोन म्हनतंय? उचलायचा हाय त्याला."
एकेक मूळ तिने असं सोडवलं
जसा झोपलेल्या पोरीच्या केसांतला गुंता.
पिंपळ आता शाळेमागे, तारेच्या कुंपणात,
चार पानं धरून आहे. पाचवं येईलसं वाटतं.

चुन्यात गूळ किती, हिरडा किती, बेलाचा गर किती,
माझ्या दरसूचीत ही ओळच नव्हती.
घाणीतला कण नागव्वा जिभेच्या टोकाला लावायची,
थुंकायची.
"आजून न्हाई."
दुपार कलायची. बैल थांबायचे.
"आजून न्हाई."

कार्यालयाचं पत्र आलं:
'बांधकामाचा लेखी पुरावा जोडावा.'
पत्राची भाषा ओळखीची. अशी शेकडो मीच पाठवली.
अभिलेख कक्षात गेलो. पोरगा नवा, चहा पाजला त्याने.
कपाट उघडलं तर गठ्ठ्यांच्या जागी माती,
बोट लावताच ओघळणारी.
वाळवीने कुणाची मंजुरी न घेता
सगळ्याचंच निर्लेखन केलेलं.

आणि मग, पिंपळ निघाला त्या खोबणीत,
बॅटरीच्या उजेडात एक मासा.
बोटभर, छिन्नीने कोरलेला, शेपूट जरा वाकडी.
शेजारच्या दगडावर विंचू. वर तीन रेघा.
मला वाटलं देवाचं काही.
नागव्वाने तळवा फिरवला, म्हणाली,
"हजेरी हाय ही. ज्याचा दगड त्याची खूण.
सांजच्याला मोजून पैसे."

मग आम्ही गुडघ्यांवर, पाचही कमानींखाली,
वटवाघळांच्या वासात, दोन रविवार.
डमरू. कोयता. अर्धा चंद्र. कुत्र्याचा पंजा.
एक खूण कुठेच नीट जमलेली नाही,
कुणी शिकाऊ असावा.
अंबादासने वहीत एकूण मांडला:
माणसं एकोणीस.
मासेवाल्याचे दगड सगळ्यांत जास्त.
तेवढाच कागद पुरावा म्हणून जोडला.
पोच मिळाली आहे. उत्तर नाही.

परवा तिसऱ्या कमानीत नवा दगड बसला.
नागव्वाने बसवण्याआधी त्याच्या पाठीवर
वेणीफणीतली फणी कोरली, पाच दात.
अंबादासने धोटा काढून घेतला. गफूरने पतंग.
शरणप्पांनी बराच विचार करून एक टिंब.
मग छिन्नी माझ्यापुढे धरली तिने.
"साहेब, तुमची?"

ओढ्यात म्हैस उठली, पाणी निथळलं.
वर पाटी वाऱ्याने कुरकुरत होती.
म्हटलं, माझी आधीच झालीय.